राहिलेले सात किलोमीटर

परब सिस्टरांचं बारावं होतं. लालबागला, जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत सतराव्या मजल्यावर त्यांचं घर. पंगती उठल्या होत्या आणि उरलेली माणसं भिंतीला टेकून बडीशेप चघळत बसली होती. त्यांची एक चुलत नणंद म्हणाली, "त्या फ्रान्सनंच खाल्लं हिला. हार्टची बाई, चौसष्टाव्या वर्षी सायकल चालवते काय! घरी बसली असती तर आज असती." सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांच्या मुलानं, संदेशनंही हलवली. मीही हलवली.

ती मान हलवली म्हणून मी हे लिहायला बसलो आहे.

फ्रान्सहून आल्यावर सिस्टर दोन वर्षं जगल्या. दर रविवारी सायकल चालवली, दोनदा गावी सावंतवाडीला जाऊन आल्या आणि एका दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत; दोन दिवस आयसीयूत होत्या, मग गेल्या. घरी खुर्चीत बसून राहिलेल्या कितीतरी बायका त्यांच्याआधी गेल्या. त्यांच्या बाराव्याला "खुर्चीनं खाल्लं हिला" असं म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही.

मी परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात रेकॉर्ड सेक्शनचा कारकून. अठ्ठावीस वर्षं केसपेपर लावले, शोधले, शिवले. परब सिस्टर तिथल्या पुरुषांच्या मेडिकल वॉर्डच्या इन्चार्ज. मी नवीन होतो तेव्हा वॉर्डात सुरेश जाधव नावाचे दोन पेशंट एकाच वेळी होते आणि मी त्यांचे पेपर उलटे लावले. एकाला इंजेक्शन द्यायच्या आत सिस्टरांच्या लक्षात आलं. त्यांनी तक्रार केली नाही. माझी बाही धरून मला वॉर्डात नेलं आणि पहिल्या खाटेपाशी उभं केलं.

"ह्यांना नावानं हाक मार."

"सुरेश जाधव," मी म्हणालो.

"आता तिकडे चल. त्यांना मार."

"सुरेश जाधव."

"दोघांची तोंडं बघून घे. आता दोघांना सॉरी म्हण."

मी म्हणालो. दोघांनाही काही कळलं नाही, एकानं तर मलाच विचारलं, "तुम्हाला कुठल्या खाटेवर टाकलंय?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "रडायचंय तर बेसिनपाशी जा. इथे पेशंट आहेत." त्यानंतर पंचवीस वर्षांत त्यांनी हा विषय एकदाही काढला नाही.

बांधा ठेंगणा, चाल झपझप, आवाज वॉर्डाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचणारा. घड्याळ मनगटावर नाही, छातीवर पिनेनं उलटं टांगलेलं. रागावल्या की मालवणी. मोठ्या डॉक्टरांशी शुद्ध मराठी, कारण त्यांच्यावर रागवायचं तर ते त्यांना कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं. आणि "ओव्हर"वर भयंकर श्रद्धा. ड्यूटी बदलताना जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला खाटेखाटेपाशी नेऊन प्रत्येक पेशंटची हकीकत सांगते, त्याला नर्सिंगमध्ये ओव्हर देणं म्हणतात. परब सिस्टर घाईत कधी ओव्हर द्यायच्या नाहीत. पाऊस असो, शेवटची बस जाऊ दे. "ओव्हरमधे लपवलेलं सगळं सकाळी पेशंटच्या अंगावर निघतं," असं त्या नव्या पोरींना सांगायच्या.

सायकल त्या सत्तावन्नाव्या वर्षी शिकल्या, रिटायर व्हायला वर्ष असताना. शिकल्या कुठे, तर हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला शवागाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आवारात तेवढाच रस्ता मोकळा असायचा. "तिथे कुणाला घाई नसते," त्या म्हणायच्या. शिकवणारा मी, म्हणजे सीट धरून मागून धावणारा. तिसऱ्या दिवशी त्या धाडकन पडल्या, अगदी शवागाराच्या दारात. आतला माणूस, जन्मात कधी न हसलेला, बाहेर आला आणि म्हणाला, "सिस्टर, इथे पडू नका. आम्हाला सवय आहे उचलून आत न्यायची." सिस्टर बसल्या जागी इतक्या हसल्या की त्यांना उठवायला आम्हा दोघांना हात द्यावा लागला.

रिटायर झाल्यावर त्यांनी सायकल विकत घेतली आणि आमचा रविवारचा कंपू तयार झाला. त्या लालबागहून निघायच्या, मी चिंचपोकळीला पुलाखाली त्यांना मिळायचो, दादरचं एक जोडपं यायचं, मेहेंदळे, आणि गिरगावात तळपदेकाका. तळपदेकाका म्हणजे निवृत्त सॉलिसिटर, जुन्या मुंबईकर घराण्यातले, वजन भरपूर आणि वाद घालायची हौस त्याहून भरपूर. पहाटे चौपाटीला पोचून आम्ही चहा प्यायचो. कधी जोर आला तर उलट्या दिशेला वडाळ्याच्या मिठागरांकडे. सिग्नलला टॅक्सीवाला अंगावर आला की सिस्टर त्याच्या खिडकीवर टकटक करायच्या. "ब्रेक लागत नाही का? दाखव जीभ. बघू बीपी किती आहे तुझं." बरेच टॅक्सीवाले खरंच जीभ दाखवायचे.

सायकलवर बसून दुखायला लागलं तेव्हा त्या हिंदमात्याला सगळी दुकानं फिरून आल्या. "तिथे नऊवारीपासून शेरवानीपर्यंत सगळं आहे. माझ्या मापाची सायकलची चड्डी कुणाकडे नाही." मग कापड आणलं आणि गॉझ नि कापसाच्या घड्या आत घालून स्वतः मशीनवर शिवली. पाठोपाठ आम्हा सगळ्यांना शिवल्या. तळपदेकाकांची शिवताना कापसाची दोन बंडलं गेली, हे त्यांनी चौपाटीवर सगळ्यांदेखत जाहीर केलं.

त्रेसष्टाव्या वर्षी त्यांच्या छातीत दुखलं. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट पडला. आणि घरात त्या पेशंट झाल्या. लिफ्टनंच जायचं, पिशवी उचलायची नाही, एकटीनं खाली उतरायचं नाही. संदेश आणि सून दोघं चांगली माणसं आहेत. प्रेमानंच करत होती, म्हणून तर सिस्टरांना भांडता येत नव्हतं. एकदा मी भेटायला गेलो तर म्हणाल्या, "वॉर्डात आम्ही काय म्हणायचो? नऊ नंबरला जेवण द्या, बारा नंबरला शीट बदला. आता कळलं, नऊ नंबरला कसं वाटत असेल." त्यांच्या कार्डिऑलॉजिस्टनं मात्र तीन महिन्यांनी सायकलची परवानगी दिली होती. तो त्यांच्याच वॉर्डात शिकलेला. त्यानं नाडीचा एक आकडा सांगितला, त्याच्यावर गेली की थांबायचं, बाकी काही मनाई नाही. हे मी मुद्दाम सांगतो आहे. परवानगी होती. कागदावर, सहीनिशी. तो कागद मी स्वतः पाहिला होता.

फ्रान्सची कल्पना तळपदेकाकांची. ल्वार नावाच्या नदीकाठी राजेरजवाड्यांचे वाडे आहेत, तिथे पाच दिवस सायकलनं फिरायचं. सामान घेऊन एक गाडी मागे येते, थकलं की गाडीत बसता येतं. सिस्टर ऐकत होत्या. गाडीचं ऐकल्यावर म्हणाल्या, "गाडीत बसायला एवढ्या लांब कशाला जायचं? चाळीस वर्षं वॉर्डात दुसऱ्यांसाठी चालले. आता स्वतःसाठी एक रस्ता ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत माझ्या पायांनी करायचाय. सगळाच्या सगळा."

संदेशनं आधी नाही म्हटलं, मग आठवडाभर अबोला, मग एक अट घातली. माझ्यासमोरच. "जा. पण एकदा जरी त्या गाडीत बसलीस ना आई, तर आल्यावर सायकल देऊन टाकायची. मग मी सांगेन तसं राहायचं."

"कबूल," सिस्टर म्हणाल्या. "आणि नाही बसले तर लिफ्ट, पिशव्या, सगळं बंद. पुन्हा मला पेशंट म्हणायचं नाही."

त्या शब्दाला फार पक्क्या होत्या, हे संदेशला माहीत होतं. म्हणूनच दोन दिवसांनी तो चिंचपोकळीला माझ्या घरी आला. चहाला हात लावला नाही. म्हणाला, "नंदूकाका, एकदाच. कसंही करून एकदा तिला गाडीत बसवा. म्हणजे आल्यावर घरी बसेल. तिला काही झालं तर मी कुणाकडे बघू?" त्याचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "बघतो."

आता प्रवासाचं. तिथला गाइड क्लेमाँ, चाळिशीचा, दाढीवाला, शांत माणूस. पहिल्या सकाळी त्यानं सिस्टरांपुढे बॅटरीची सायकल आणली. सिस्टर म्हणाल्या, "बॅटरी टॉर्चला असते," आणि साधी घेतली. तळपदेकाकांनी इंग्रजीत भाषांतर करताना त्यात बरीच नम्रता घातली आणि बॅटरीची सायकल स्वतःला घेतली.

तिथे चौकाचौकात दगडी क्रूस उभे असतात. प्रत्येक क्रूसापाशी सिस्टरांचा उजवा हात हँडल सोडून आधी कपाळाला आणि मग छातीला जायचा. लालबागच्या माणसाचा हात आहे तो, देवळासमोर आपोआप सुटतो. दोनदा त्या खड्ड्यात जाता जाता वाचल्या.

"अहो सिस्टर, तो येशू आहे," तळपदेकाका म्हणाले.

"असू दे. उन्हातान्हात रस्त्यावर उभा आहे ना? म्हणजे ड्यूटीवर आहे. ड्यूटीवरच्या माणसाला मान द्यावा."

एका प्रचंड वाड्यात एकमेकांभोवती वळत जाणारे दोन जिने आहेत. एकानं चढणारा आणि दुसऱ्यानं उतरणारा एकमेकांना दिसतात, पण भेटत नाहीत. क्लेमाँ अगदी रंगून सांगत होता. सिस्टर म्हणाल्या, "कळलं. एकानं मोठे डॉक्टर येणार, दुसऱ्यानं पेशंटचे नातेवाईक." पुढे त्यांनी विचारलं, एवढ्या खोल्या होत्या तर चादरी कुठे वाळत घालत होते? क्लेमाँ पंधरा वर्षं हे काम करतो आहे, त्याला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. संध्याकाळी त्यानं कुणाला तरी फोन करून विचारलं आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आणलं: नदीवर, शेजारच्या गावातल्या बायका धूत. त्या दिवसापासून तो सिस्टरांच्या बाजूनं सायकल चालवू लागला.

चढ आला की सिस्टर निम्म्यावर थांबायच्या, दोन बोटं गळ्यापाशी, नजर छातीवरच्या घड्याळावर. तीस सेकंद. मग "चला". नाडी आकड्याच्या वर गेली तर पाच मिनिटं झाडाखाली उभ्या राहायच्या, मुकाट. एवढ्या शिस्तीनं सायकल चालवणारी दुसरी व्यक्ती मी पाहिलेली नाही. आणि रोज संध्याकाळी जेवणाआधी आम्हा सगळ्यांना बसवून ओव्हर. कुणाचा गुडघा, कुणाचं पोट, कुणी किती पाणी प्यायलं. मेहेंदळे वहिनी सुरुवातीला लाजायच्या, तिसऱ्या दिवशी कमोडच्या सवयीपर्यंत सगळं सांगू लागल्या.

मी काय केलं ते आता सांगतो. पहिल्याच संध्याकाळी, ओव्हर झाल्यावर, मी क्लेमाँला बाजूला घेतलं आणि म्हटलं, मादाम परब यांच्या डॉक्टरांनी मोठे चढ चढायला मनाई केली आहे. त्या सांगणार नाहीत, पण अशी ऑर्डर आहे. चौथ्या दिवशी मोठा चढ आहे ना, तिथे त्यांना गाडीत बसवा.

अठ्ठावीस वर्षांत मी केसपेपरवर कधी खोटं अक्षर लिहिलं नव्हतं. इथे मी एका डॉक्टरच्या नावानं खोटी ऑर्डर दिली. संदेशला शब्द दिला होता, हे कारण मी स्वतःला ही दोन वर्षं देत आलो. ते पुरतं खरं नाही. मी घाबरलो होतो. परक्या देशात त्यांना काही झालं तर दूतावास, मृत्यूचा दाखला, विमानानं बॉडी आणणं, प्रत्येक फॉर्मवर माझी सही. मला ते फॉर्म आधीच दिसत होते. मला काळजी त्यांची नव्हती, माझी होती.

चौथा दिवस उजाडला. सकाळी आम्ही नदीवर पुलासारखा बांधलेला एक वाडा पाहिला. त्याचा लांबच लांब दिवाणखाना अगदी पाण्यावर आहे, दोन्ही बाजूंना खिडक्या. क्लेमाँ राण्यांच्या गोष्टी सांगत होता आणि सिस्टर ऐकत नव्हत्या, खिडक्या मोजत होत्या. मग तो म्हणाला की पहिल्या महायुद्धात ह्या दिवाणखान्यात जखमी सैनिकांचं हॉस्पिटल होतं. सिस्टर थांबल्या.

"इथे? ह्या हॉलमधे?"

"होय, मादाम."

त्यांनी वॉर्डाची राउंड घ्यावी तशी ती सबंध लांबी चालून घेतली. दोन्ही हात पसरून दोन खाटांमधलं अंतर बघितलं. "दोन रांगा. उजेड चांगला. पण नदीची ओल येत असणार, छातीच्या पेशंटना वाईट." मग क्लेमाँला विचारलं, "नाइटला किती सिस्टर असायच्या?"

त्याला माहीत नव्हतं.

"राजाच्या बाईचं नाव माहीत आहे तुम्हाला. तिच्या सासूचं माहीत आहे. इथे रात्री कंदील घेऊन कोण फिरत होतं, ते नाही माहीत." रागावल्या नव्हत्या. सगळे बाहेर गेले तरी त्या खिडकीपाशी उभ्या होत्या, ताठ, ड्यूटीवर असल्यासारख्या. मी त्यांना बोलवायला परत गेलो तर म्हणाल्या, "नंदू, बरं झालं आपण आलो."

आणि तिथून निघून पूल ओलांडल्यावर, चढ सुरू व्हायच्या आधी क्लेमाँनं हात वर केला. मागची गाडी पुढे आली. तो सिस्टरांना हळू आवाजात म्हणाला, "मादाम, इथून तुम्ही गाडीत."

"मी? का?"

"तुमच्या डॉक्टरांची ऑर्डर आहे."

"माय डॉक्टर?" सिस्टरांचं इंग्रजी हॉस्पिटलातलं होतं, नेमकं आणि तुटक. "माय डॉक्टर सेड नो प्रॉब्लेम. माझ्या डॉक्टरला सुई धरायला मी शिकवलंय."

क्लेमाँ खूप ओशाळला, पण मागे हटेना. ऑर्डर कळल्यावर मी तुम्हाला चढू देऊ शकत नाही, म्हणाला. तुम्ही हट्ट केलात तर मला ऑफिसला फोन करून सगळ्यांचीच सफर थांबवावी लागेल. सिस्टरांनी एकेकाकडे पाहिलं. तळपदेकाका बुचकळ्यात पडलेले, मेहेंदळे वहिनी रडवेल्या. मी माझ्या सायकलची साखळी बघत होतो. साखळीला काहीही झालं नव्हतं.

"माझ्यापायी चौघांचा दिवस नको," त्या म्हणाल्या, आणि गाडीत बसल्या. हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत त्या समोर बघत होत्या, ज्यांना पुढे कुठे नेताहेत हे कुणी सांगितलेलं नसतं त्या पेशंटसारख्या.

सात किलोमीटर. चढ, मग जंगल, मग ज्या खेड्यात मुक्काम होता तिथलं चर्च. चर्चच्या चौकात गाडीनं त्यांना उतरवलं. आम्ही पोचलो तेव्हा त्या कट्ट्यावर बसलेल्या होत्या.

संध्याकाळी ओव्हर झाली. सगळ्यांचं झाल्यावर त्या म्हणाल्या, "आज एका पेशंटला गाडीत बसवण्यात आलं. ऑर्डर तोंडी. सही नाही. ऑर्डर कुणी दिली, ते ओव्हरमधे आलेलं नाही." थांबल्या.  मी बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि प्यायलो.

सकाळी सहाला खिडकीखाली खडखड ऐकून मी उतरलो. शेडमधे सिस्टर सायकल सोडवत होत्या. घातलेली ती स्वतः शिवलेली चड्डी, वर लाल टीशर्ट. मी दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "सिस्टर, ती ऑर्डर मी—"

"मागच्या चाकाची हवा बघ आधी."

मी वाकून हवा बघितली. "ठीक आहे."

"मला काल दुपारीच कळलं. क्लेमाँला विचारलं. तो कशाला खोटं बोलेल, त्याला काय गरज आहे." मग माझ्याकडे न बघता, "संदेशनं सांगितलेलं ना?"

मी मान हलवली.

"तो माझा मुलगा आहे. त्याला घाबरायचा हक्क आहे. तू कोण?"

 मग, का कुणास ठाऊक, खरं तेच तोंडातून गेलं. म्हणालो की मला फॉर्मची भीती वाटत होती. दाखल्याची, बॉडी नेण्याची.

 मग मालवणी आलं. "मेल्या! मी हय जिती उभी आसंय, आणि तू माझे पेपर भरतंस?"

एवढंच. त्यापुढे त्या विषयावर त्या कधी बोलल्या नाहीत, सुरेश जाधवांच्या पेपरांसारखंच. हेल्मेटचा पट्टा लावला. खाली पुलापर्यंत जायचं, तिथून वळून राहिलेले सात किलोमीटर चालवत वर यायचं, असा बेत होता. मी म्हणालो, मी येतो सोबत. "नको. तू आलास तर म्हणतील, सोबतीला माणूस होता म्हणून जमलं." आणि गेल्या.

थोड्या वेळानं क्लेमाँ उठला. त्याला कळल्यावर तो गाडीच्या किल्ल्या घेऊन धावला. आणि तळपदेकाका, नाइट पायजम्यात, त्याच्या गाडीसमोर उभे राहिले. मी त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, ते बघणं मी विसरणार नाही; मग माझ्याकडे पाठ करून क्लेमाँला कामाला लावलं. पायजम्यातला तो माणूस अर्धा तास बोलत होता. ऑर्डर लेखी आहे का? नाही? मग तोंडी ऑर्डर देणारा साक्षीदार हा इथे उभा आहे, तो आता म्हणतो आहे की खोटं बोललो. बोल रे. मी बोललो, पुन्हा इंग्रजीत, सगळ्यांसमोर. मेहेंदळे वहिनींनी तोंडावर हात घेतला. क्लेमाँनं किल्ल्या खिशात घातल्या आणि रस्त्याच्या मध्यावर जाऊन उभा राहिला, जंगलाकडे तोंड करून. मग आम्ही सगळेच तिथे जाऊन उभे राहिलो.

मुंबईला आल्यावर त्यांनी सायकलची किल्ली संदेशपुढे ठेवली आणि म्हणाल्या, "बसले. गाइडचा गैरसमज झाला होता. मग परत जाऊन तेवढा रस्ता चालवला. आता तू ठरव." माझं नाव घेतलं नाही. संदेशनं खूप वेळ विचार केला आणि किल्ली त्यांच्या हातात परत दिली. पण संदेश, मनात तू कायम धरून राहिलास की तिला खरंच झेपत नव्हतं, गाइडनं बसवलं ते बरोबरच बसवलं. बाराव्याला तुझी मान हलली ती त्यामुळे. तिला झेपत होतं. त्या चढावर तिला तिच्या शरीरानं थांबवलं नाही, मी थांबवलं. हे तुला मी समोर बसून सांगायला हवं होतं. जमलं नाही, म्हणून लिहून देतो आहे, सहीनिशी.

शेवटी आयसीयूच्या काचेतून मला त्या दिसल्या होत्या, नळ्यांमधे. ते मी मोजत नाही. त्यांना शेवटचं बघितलं ते कुठे, असं कुणी विचारलं तर मी त्या सकाळचंच सांगेन.

आठ वाजत आले होते. जंगलातून रस्ता बाहेर येतो तिथे आधी काहीच दिसत नव्हतं, मग लाल टीशर्ट दिसला. हळू, फार हळू. मेहेंदळे वहिनी टाळ्या वाजवायला लागल्या. क्लेमाँ दोन्ही हात पसरून रस्त्यात उभा, मिठी मारायला की थांबवायला, त्यालाच माहीत. सिस्टर जवळ आल्या, चेहरा टोमॅटोसारखा, केस कपाळाला चिकटलेले, आणि ओरडल्या, "साइड! साइड!"

त्या थांबल्याच नाहीत. गाडीनं त्यांना आदल्या दिवशी आमच्या मुक्कामाच्या दारात सोडलं नव्हतं, पुढे चर्चच्या चौकात सोडलं होतं. रस्ता तिथे संपत होता. क्लेमाँ उडी मारून बाजूला झाला आणि आमच्यामधून त्या पुढे गेल्या. मी मागून चालत चौकात पोचलो. चर्चशेजारी पाववाल्याचं दुकान उघडलं होतं आणि गावातल्या बायका रांगेत उभ्या होत्या. सिस्टर सायकल हातात धरून रांगेत शेवटी. पुढच्या म्हातारीला त्या काहीतरी सांगत होत्या, मराठीतच. तळहात तिरका धरून चढ किती होता ते दाखवत होत्या. म्हातारी भुवया उंचावून बघत होती. सिस्टरांनी तळहात आणखी उभा केला.

चढ एवढा नव्हता. मी मध्ये बोललो नाही.